किडनी तपासणी शिबिर: आधी फेरतपासणीची तारीख, मग मांडव

मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक किडनी दिन असतो. फेब्रुवारी लागला की कोल्हापुरातली तालीम मंडळं, सहकारी संस्था, कारखान्यांचे कामगार संघ किडनीतज्ज्ञांच्या संघटनेला फोन करतात: "डॉक्टर, आमच्याकडं एक कॅम्प घ्या." कॅम्प होतो, गर्दी होते, फोटो निघतात. जूनमध्ये त्या शंभर जणांपैकी कोणाची दुसरी तपासणी झाली असं विचारलं, तर वही सापडत नाही.

इथेच शिबिर फसतं. एका दिवसाच्या एका रिपोर्टवरून किडनीचा जुनाट आजार ठरत नाही. बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकला, तरच ते निदान करतात. पहिला दिवस म्हणजे अर्धं काम, उरलेलं अर्धं तीन महिन्यांनी. खालचा क्रम शंभर माणसांच्या शिबिरासाठी आहे. माणसं वाढली तर त्या हिशेबाने टेबलं वाढवा, वेळ कापू नका.

## १. तारखा दोन ठरवा

आधी फेरतपासणीची तारीख धरा आणि तिथून तीन महिने मागे येऊन शिबिराची. मार्चमधल्या शिबिराची फेरतपासणी जूनच्या मध्यात येते. तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो आणि गावाकडे पेरणीची घाई असते. म्हणून ती उघड्या पटांगणावर ठेवू नका. लॅबमध्ये किंवा दवाखान्यातच ठेवा आणि शिबिराच्या दिवशी देण्याच्या चिठ्ठीवर ती तारीख छापून घ्या.

ऊसतोड मजुरांसाठी मार्च हा चुकीचा महिना आहे. गळीत हंगाम संपत आलेला असतो आणि टोळ्या आपापल्या जिल्ह्याकडे परतायच्या बेतात असतात, त्यामुळे जूनमध्ये ती माणसं तुम्हाला सापडणार नाहीत. त्यांची तपासणी हंगामाच्या सुरुवातीला, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्या आणि तीही सकाळी कोयता हातात घेण्याआधी. दिवसभर उन्हात राबून, पाणी कमी पिऊन आलेल्या माणसाचं क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) तात्पुरतं चढलेलं असू शकतं.

आणखी एक गोष्ट कोल्हापूरकरांना सांगायलाच हवी. जागतिक किडनी दिन गुरुवारी येतो, म्हणजे आदली रात्र बुधवारची. बुधवारी रात्री तांबडा-पांढरा आणि मटणाचं ताट झालं असेल, तर शिजवलेल्या मटणातलं क्रिएटिनिन सकाळच्या रक्तात भर घालतं. "आदल्या रात्री मटण-चिकन-मासे नकोत" हे निमंत्रणातच लिहा. रविवारचं जेवण पोटात घेऊन सोमवारी येणाऱ्यांनाही तेच सांगा.

## २. कोणाला बोलवायचं

"सर्वांसाठी मोफत" असा फलक लावला की विशीतली धडधाकट पोरं आधी रांगेत येतात आणि ज्यांना गरज आहे ती माणसं घरीच राहतात. शंभरपैकी निदान सत्तर जागा आधी नाव नोंदवून या लोकांसाठी राखा:

- मधुमेह किंवा रक्तदाब असलेले
- साठीच्या पुढचे
- घरात कोणाला डायलिसिस लागलंय किंवा किडनी बदललीय असे
- मूतखडा वारंवार होणारे
- गुडघे-कंबरेसाठी महिनोन् महिने वेदनाशामक गोळ्या किंवा नाव नसलेल्या पुड्या घेणारे
- भट्टीजवळ किंवा उन्हात काम करणारे, उदाहरणार्थ शिरोलीच्या फाउंड्रीतले कामगार

निमंत्रणात चार ओळी पुरेशा आहेत. रोजच्या बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या घेऊनच या. उपाशी येऊ नका. चालू औषधांची पाकिटं आणि जुने रिपोर्ट आणा. लघवीची बाटली घरून आणू नका.

सावधान: "उपाशीपोटी या" हे वाक्य सवयीने छापलं जातं. या तपासण्यांना उपास लागत नाही. इन्सुलिन घेणारा माणूस उपाशी येऊन दोन तास रांगेत उभा राहिला, तर साखर उतरून मांडवातच चक्कर येऊन पडेल.

## ३. कागदपत्रं आणि बोलणी (एक महिना आधी)

डॉक्टरांच्या संघटनेला पत्र देताना "तज्ज्ञ पाठवा" एवढंच लिहू नका. काय हवं ते नेमकं लिहा. आमचं मत सरळ आहे: किडनीतज्ज्ञ शिबिराच्या दिवशी नसला तरी चालेल, रिपोर्टच्या दिवशी हवाच. जिल्ह्यात किडनीतज्ज्ञ मोजकेच आहेत. त्यातल्या एकाला चार तास बीपी मोजायला बसवणं म्हणजे गवंड्याला वाळू चाळायला लावणं. मांडवात जनरल प्रॅक्टिशनर आणि नर्स पुरतात. तज्ज्ञाकडून दोन तास रिपोर्ट वेगळे करण्यासाठी आणि एक सकाळ फेरतपासणीसाठी मागून घ्या.

लॅबशी बोलताना तीन प्रश्न विचारा. क्रिएटिनिन एन्झायमॅटिक पद्धतीने करता की जाफे पद्धतीने? लघवीतल्या अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनिनच्या गुणोत्तराचा (एसीआर) रिपोर्ट मिलिग्रॅम प्रति ग्रॅममध्ये देता का? फेरतपासणी याच यंत्रावर होईल का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. दोन लॅब, दोन पद्धती असल्या तर आलेला फरक किडनीचा की यंत्राचा हे कळत नाही.

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम शिबिरांनाही लागू आहेत. सुया, कापूस आणि नळ्या कोण नेणार हे लॅब किंवा रुग्णालयाकडून लेखी घ्या. घंटागाडीत हे जाता कामा नये.

"सोनोग्राफी पण ठेवूया" असं कोणीतरी म्हणतंच. नको. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्र नोंदणीच्या जागेबाहेर असं उचलून आणता येत नाही.

फलकावर डॉक्टरांचे मोठे फोटो आणि दवाखान्याचे नंबरही टाळा. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेत (२००२) जाहिरातबाजीला मनाई आहे आणि नोटीस आली तर ती मंडळाला नव्हे, डॉक्टरला येते.

## ४. सामान (शंभर माणसांसाठी)

- लघवीच्या पट्ट्या (लघवीत बुडवल्या की रंगावरून प्रथिन दाखवणाऱ्या): शंभरच्या दोन डब्या. एका डबीत भागत नाही, कारण दहा-बारा पट्ट्या वाया जातातच.
- रुंद तोंडाच्या, झाकणाच्या, न वापरलेल्या बाटल्या: १२०
- बीपीची यंत्रं: ३ चालू, १ राखीव. जादा सेल.
- कफ (दंडाला बांधायचा पट्टा): प्रत्येक चालू यंत्राला मध्यम (दंडाचा घेर साधारण २७ ते ३४ सेंमी) आणि मोठा (३५ ते ४४ सेंमी). शिवणकामाची टेप: ३
- रक्ताच्या जेल किंवा साध्या नळ्या: १००
- सेकंदकाटा असलेली घड्याळं: २. मोबाइल नको, मधेच फोन येतो.
- चिकटपट्टीची लेबलं आणि पाण्याने न पुसणारं पेन
- बर्फाचे पॅक घातलेली थंड पेटी: १
- पाठ टेकता येईल अशा खुर्च्या: २५. स्टूल आणि बाकडी मोजू नका.

तालमीत शिबिर असेल तर मोठे कफ तीनऐवजी चार घ्या. पैलवानाच्या दंडाला मध्यम कफ बांधला की बीपी खोटंच जास्त येतं. मग पंचविशीतल्या पोराला "तुला बीपी आहे" असं सांगून घरी पाठवलं जातं.

आदल्या दिवशी तपासा: तिन्ही यंत्रांवर एकाच माणसाचं बीपी काही मिनिटांच्या अंतराने घ्या. एखादं यंत्र बाकीच्या दोघांपेक्षा सतत दहा-पंधराने वेगळं दाखवत असेल, तर ते बाजूला ठेवा. पट्ट्यांच्या डबीवरची मुदतही बघा.

## ५. जागा आणि रांगेचा क्रम

क्रम असा: नोंदणी, लघवी, विश्रांती, बीपी, रक्त, डॉक्टर, चहा. यातला एकही टप्पा पुढेमागे करू नका. लघवी बीपीच्या आधी, कारण तुंबलेल्या लघवीने बीपी चढतं. रक्त बीपीनंतर, कारण सुई बघूनही चढतं. चहा सगळ्यात शेवटी. दारातच चहाचा कप हातात देणारे उत्साही कार्यकर्ते थांबवावे लागतात.

वेळेचा हिशेब घ्या. विश्रांती खुर्चीवर वेगळी झाली, तर बीपीच्या टेबलावर एका माणसाला पाच मिनिटं लागतात. एका टेबलावर तासाला बारा, तीन टेबलांवर छत्तीस. म्हणजे शंभर माणसांना तीन तास. सकाळी आठला सुरू करून अकराला संपवा, त्यानंतर मार्चचं ऊन मांडवात उतरतं. शंभर जणांना आठलाच बोलावू नका. तासाला तेहतीस असं वाटून वेळ द्या.

ध्वनिक्षेपक बीपीच्या टेबलांपासून लांब किंवा सरळ बंद ठेवा. सत्कार आणि भाषणं तपासणी संपल्यावर.

नोंदणीला नाव, वय आणि पत्त्याबरोबर दोन फोन नंबर घ्या: एक स्वतःचा, एक घरात राहणाऱ्या दुसऱ्या कोणाचा. समोरच मिस्ड कॉल देऊन बघा. "मुलाचा नंबर घ्या" म्हणतात आणि मुलगा पुण्यात नोकरीला असतो. रिपोर्ट त्याच्या फोनवर पडून राहतो. तपासणीची आणि फोन करण्याची परवानगी, सहीसह, इथेच घ्या.

## ६. लघवीची पट्टी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं सावकाश.

१. लेबल बाटलीवर लावा, झाकणावर नाही. दहा झाकणं एकदम उघडली की कोणतं कोणाचं हे देवालाही कळणार नाही.
२. पहिली धार सोडून मधली धार बाटलीत घ्यायला सांगा, मराठीत आणि नीट. बाईला पाळी चालू असेल, तर पट्टी आज करू नका. नोंद करून आठवड्याने बोलवा.
३. नमुना दोन तासांच्या आत तपासा. उन्हात ठेवलेल्या बाटल्या मोजू नका.
४. डबीतून एकच पट्टी काढा आणि झाकण लगेच लावा. झाकणातली ओलावा शोषणारी पुडी फेकू नका. सकाळभर उघडी राहिलेली डबी दुपारी भलतेच रंग दाखवते. डबी फ्रीजमध्येही ठेवायची नसते.
५. पट्टी बुडवून लगेच बाहेर काढा. कड बाटलीच्या काठाला ओढून जादा लघवी निथळू द्या आणि पट्टी आडवी धरा. उभी धरली तर एका चौकोनाचा रंग दुसऱ्यात उतरतो.
६. घड्याळ लावा. प्रथिनाचा चौकोन बहुतेक पट्ट्यांवर ६० सेकंदांनी वाचतात, पण तुमच्या डबीवर काय छापलंय ते बघा. दोन मिनिटांनी वाचलेला गडद रंग धरू नका.
७. रंग पांढऱ्या उजेडात वाचा. लाल-केशरी कापडाच्या मांडवात सगळं जग केशरी दिसतं आणि पिवळट-हिरवट चौकोनाचा अंदाज चुकतो. हे टेबल मांडवाबाहेर सावलीत किंवा पांढऱ्या ट्यूबखाली मांडा.

प्रथिन १+ म्हणजे साधारण ३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, २+ म्हणजे १००, ३+ म्हणजे ३००. १+ आणि पुढच्या सगळ्यांची, तसंच मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या सगळ्यांची लघवी, पट्टी काहीही सांगो, एसीआरसाठी लॅबकडे पाठवा. पट्टी फक्त लघवीतल्या प्रथिनाचा दाट-पातळपणा बघते. लिटरभर पाणी पिऊन आलेल्याची पट्टी कोरी येते आणि उन्हातून सुकून आलेल्याची उगाच रंगते. एसीआरमध्ये हा दाट-पातळपणा भागून निघतो.

सावधान: ताप, लघवीची जळजळ किंवा आदल्या दिवशीची जोरदार मेहनत यांनीही प्रथिन दिसतं. तालमीतल्या मुलांना दोन दिवस आधीपासून लढत आणि जोर-बैठका बंद ठेवायला सांगा.

## ७. बीपी

पाच मिनिटं खुर्चीत गप्प बसवा. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मिश्री काही झालंय का विचारा. मिश्रीबद्दल बायकांना वेगळं विचारावं लागतं. "तंबाखू खाता का?" म्हटलं की त्या "नाही" म्हणतात आणि मिश्री त्यांच्या हिशेबात तंबाखू नसते.

दंड उघडा करा, कफ बाहीवरून नको. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. मोजताना कोणी बोलायचं नाही, मोजणाऱ्यानेही नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. पहिलाच १३०/८० दिसला म्हणून दुसरा गाळणं ही नेहमीची कामचुकारी. डायलिसिससाठी फिस्टुला (शस्त्रक्रियेने केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) केलेल्या हातावर कफ बांधायचा नाही आणि त्या हातातून रक्तही घ्यायचं नाही.

१४०/९० किंवा वर आलं तर चिठ्ठीवर गोल करा. १८०/११० किंवा वर आलं तर पंधरा मिनिटं बसवून पुन्हा मोजा. तसंच राहिलं तर तो माणूस आजच डॉक्टरकडे. सोबत छातीत दुखणं, धाप किंवा अंधुक दिसणं असेल तर थेट रुग्णालय. सीपीआरला (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायला गाडी आधीच ठरलेली हवी. गरोदर बाईला १४०/९० आणि पट्टीवर प्रथिन दिसलं, तर तिला रांगेत ठेवू नका, त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञाकडे पाठवा.

## ८. रक्त

रक्त सगळ्यांचं घेऊ नका. राखलेल्या सत्तरांचं आणि पट्टी किंवा बीपीत काही सापडलेल्यांचं घ्या. नळी हलकेच पाच-सहा वेळा उलटीपालटी करा, खळखळू नका. अर्धा तास उभी ठेवून रक्त गोठू द्या, मग थंड पेटीत. नळी बर्फाला थेट चिकटता कामा नये.

नमुना दोन तासांच्या आत लॅबच्या फिरकी यंत्रावर (सेंट्रिफ्यूज) पोचायला हवा. आजरा, चंदगडकडे शिबिर असेल तर नळ्या कोल्हापूरपर्यंत आणत बसू नका, तालुक्याच्याच लॅबमध्ये सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा पातळ भाग) वेगळं करून घ्या.

## ९. रिपोर्टचा दिवस: आकड्याला फसू नका

लॅबच्या कागदावर क्रिएटिनिनसमोर "नॉर्मल" छापलं, की लोक निर्धास्त होतात. १.३ हाच आकडा घ्या. पंचवीस वर्षांच्या पुरुषाला तो असेल तर २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने किडनीचं काम (ईजीएफआर) साधारण ७८ येतं. साठ वर्षांच्या बाईला तोच १.३ असेल तर साधारण ४७. एकाच आकड्यात एक जण ठीक आणि दुसरीला तपासणीची गरज. म्हणून प्रत्येक रिपोर्टवर वय आणि स्त्री-पुरुष बघून ईजीएफआर काढा आणि मगच ढीग करा.

पहिला ढीग: ईजीएफआर ६० किंवा वर, एसीआर ३० च्या खाली. मधुमेह-बीपीवाल्यांना वर्षाने पुन्हा, बाकीच्यांना फक्त निरोप.

दुसरा ढीग: ईजीएफआर ४५ ते ५९ किंवा एसीआर ३० ते ३००. आधीचा रिपोर्ट हाताशी नसेल तर क्रिएटिनिन दोन आठवड्यांत एकदा, कारण बिघाड नुकताच सुरू झालेला असू शकतो. मग तीन महिन्यांनी फेरतपासणी.

तिसरा ढीग: ईजीएफआर ४५ च्या खाली किंवा एसीआर ३०० च्या वर. हे किडनीतज्ज्ञाकडे. ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर त्याच आठवड्यात, फोन करून, वेळ घेऊन.

पैलवानाचं क्रिएटिनिन वेगळं बघा. स्नायू जास्त, वर कोणी क्रिएटिनची पावडर घेतलेली. ईजीएफआर कमी आला आणि लघवी स्वच्छ असली, तर सिस्टॅटिन सी ही स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली रक्ततपासणी करून मगच बोला. उलट, पस्तीस किलोच्या आजीचं ०.९ पाहून खूश होऊ नका. अंगात मांसच नसलं की क्रिएटिनिनही कमीच तयार होतं.

सावधान: रिपोर्ट व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. गावच्या ग्रुपवर "अमक्याची किडनी गेली" ही बातमी रिपोर्ट समजण्याआधी फिरते. मुलींच्या बाबतीत तर ती लग्नाच्या बोलणीपर्यंत पोचते.

## १०. फोन, आणि तीन महिने

तिसऱ्या ढिगाला ४८ तासांत फोन, दुसऱ्याला आठवड्यात. फोन मंडळाच्या कार्यकर्त्याने न करता नर्स किंवा डॉक्टरने करावा. वाक्य साधं ठेवा: "तुमच्या तपासणीत एक गोष्ट पुन्हा बघायची आहे." "किडनी खराब आहे" असं फोनवर म्हणू नका. घाबरलेला माणूस एक तर काढ्याच्या पुडीकडे वळतो, नाहीतर बीपीच्या गोळ्या बंद करतो, आणि दोन्हींनी नुकसानच होतं. त्याला फोनवरच सांगा: चालू गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, दुकानातून वेदनाशामक आणायचं नाही, पुडी-भस्म काही सुरू करायचं नाही.

वहीत प्रत्येक नावापुढे चार रकाने आखा: फोन झाला, चिठ्ठी मिळाली, डॉक्टरकडे गेला, फेरतपासणी झाली. वही मंडळाच्या कपाटात नको, ती एका ठरावीक माणसाकडे, कुलपात. फेरतपासणीच्या आठ दिवस आधी एकदा आणि आदल्या संध्याकाळी पुन्हा फोन करा. "पाऊस आहे, पुढच्या वेळी येतो" असं उत्तर येईल. त्याला लगेच दुसरी तारीख द्या, "या मग कधीतरी" म्हणू नका.

परत जाणाऱ्या मजुरांच्या आणि माहेरी आलेल्या बायकांच्या हातात रिपोर्टची झेरॉक्स आणि एक चिठ्ठी द्या. चिठ्ठीवर त्यांच्याच तालुक्यातल्या सरकारी रुग्णालयाचं नाव, तपासणीचे आकडे आणि "तीन महिन्यांनी क्रिएटिनिन व एसीआर पुन्हा" एवढं असलं की तिथला डॉक्टर पुढचं बघतो. डायलिसिसची वेळ आलेला कोणी निघालाच, तर त्याला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची माहिती आणि रेशन कार्ड, आधार तयार ठेवायला त्याच भेटीत सांगा. डायलिसिस त्या योजनेत बसतं.

फेरतपासणी झाली की दोन्ही रिपोर्ट एकत्र टाचून तज्ज्ञासमोर ठेवा. दोन्हीत बिघाड दिसला तर निदान तो करेल. दुसरा रिपोर्ट स्वच्छ आला तर त्या माणसालाही फोन करा, कारण तीन महिने त्याची झोप उडालेली असते. चौथा रकाना रिकामा असलेल्या प्रत्येकाला निदान तीनदा, वेगवेगळ्या वेळी फोन झाल्याशिवाय वही बंद करू नका. आणि पुढच्या वर्षी संघटनेला पत्र देताना या वहीची प्रत सोबत जोडा.